मागच्या ब्रेकचं खरं कारण

शहाडचा पूल उतरताना मी मागचा ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं... पायाखाली काहीच नाही! समोर एक जण हातात टायर घेऊन रस्ता ओलांडत होता. मी किंचाळले, पुढचा ब्रेक आवळला, आणि माझी एवढी अवजड टूरिंग बाइक त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

टायर गडगडत गटारापर्यंत गेला. तो मात्र जागचा हलला नाही.

"सॉरी... खरंच सॉरी... ब्रेक लागलाच नाही—"

मला वाटलं, आता शिव्या. पण तो खाली वाकला, मागच्या डिस्कजवळ नुसता तळहात नेला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, भट्टी झालीय ही! कधीपासून होतंय असं?"

"दोन महिने. कधी दगडासारखा कडक, कधी लोण्यासारखा मऊ. तीन गॅरेजवाल्यांनी बघितलं. तिघंही म्हणाले, मॅडम, तुम्हाला भास होतोय."

"त्यांनी गार गाडी बघितली असणार. भास नाहीये तो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं खरं मानलं होतं... आणि तेही, ज्याला मी आत्ता उडवणार होते त्याने!

त्याचं नाव प्रीतम. गॅरेज तिथेच, पुलाच्या उतारावर. पेडलमागचा रॉड दाखवत तो म्हणाला, "याला जरासुद्धा ढिलाई ठेवलेली नाही. पाय काढला तरी ब्रेक थोडा दाबलेलाच राहतो. डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळतं, मग पेडल बसतं. गार झालं की परत ठीक. हे टाइट कुणी केलं?"

व्हिडिओ बघून, पाना घेऊन, रॉड आवळून पेडल उंच करणारी... मीच होते.

"रविवारी आईला मागे बसवून ओतूरला जाणार होते," मी कसंबसं म्हणाले. "माळशेज घाटातून."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्याने स्टूल पुढे सरकवलं, पाण्याची बाटली उघडून हातात दिली. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही पटकन दुसरीकडे बघितलं.

त्याने रॉड सैल केला, ऑइल बदललं. मग तीन संध्याकाळी आम्ही मुरबाड रोडला गाडी पळवून बघितली. खरं तर पहिल्याच संध्याकाळी ब्रेक मस्त लागत होता.

"उद्या परत बघूया?" तो म्हणाला.

"गरज आहे?"

"गाडीला... नाही."

मी हसले नाही. म्हणजे, हेल्मेटच्या आत हसले.

रविवारी तो आपली गाडी घेऊन आमच्या मागोमाग ओतूरपर्यंत आला. परतताना आम्ही अख्खा घाट उतरलो. प्रत्येक वळणावर पेडल तसंच, एकसारखं. खाली टपरीवर चहा घ्यायला थांबलो, तर आईने त्याला सरळ विचारलं,

"काय रे, ब्रेक तर चांगला आहे. मग तू एवढ्या लांब कशाला आलास?"

मला वाटलं, आता कामाची गॅरंटी वगैरे काहीतरी सांगेल.

"काकू, मला संचिता आवडते. तिला अजून सांगितलं नाहीये."

माझ्या हातातला चहा हिंदकळला. "अरे! मला आधी सांगायचं ना!"

"तू कुठे विचारलंस? काकूंनी विचारलं."

आई जराही दचकली नाही. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. कानशिलं तापली, आणि—

"मलाही," मी म्हणाले.

इतकं झटकन निघालं, की दिवसभरातला सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला. प्रीतम तर तोंड उघडं टाकून उभा.

आईने टपरीवाल्याला हाक मारली. "दोन चहा अजून दे रे. या दोघांचे गार झालेत."