उपाशी झाडं

वाकणपाड्यात मुलाची तब्येत विचारायची झाली तर कुणी मुलाकडे बघत नाही, त्याच्या झाडाकडे बघतात. मूल जन्मलं की अंगणात शिवणीचं एक रोप लावायचं आणि दर वाढदिवसाला मुलाच्या ताटातला पहिला घास त्याच्या बुंध्याशी ठेवायचा, ही इथली रीत. फार जुनी नाही. कारखाना बंद पडला त्यानंतरची.

त्या कारखान्यात यंत्रांचं ग्रीस काढायला एक रसायन वापरत. गाव त्याला धुवण म्हणे. ते वर्षानुवर्षं जमिनीत उतरलं आणि विहिरी नासल्या. मग डॉ. रेवती टिपणीसांनी ही खास रोपं आणली. यांच्या खोडात जिवाणू राहतात. मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर धुवण वर चढलं की हे अंतर्निवासी ते तोडून खातात आणि राहण्याचं भाडं म्हणून झाडाला वाढीचं द्रव्य पुरवतात. म्हणून तर या शिवणी बघता बघता कौलांच्या वर गेल्या.

यंदा मात्र त्या पिवळ्या पडल्या. डॉक्टर हसतमुखानं सांगायला आल्या, की ही आनंदाची बातमी आहे. धुवण संपलं, जिवाणू उपाशी आहेत, झाडं खुरटतील, पण विहिरीचं पाणी आता खुशाल प्या. लोकांनी माना डोलावल्या. मालनला तेव्हाच ते खटकलं, कारण पाड्यातली माणसं इतक्या चटकन कुणाचं ऐकत नाहीत.

ग्रामपंचायतीसाठी विहिरींचं पाणी तपासणं हे मालनचं काम. थोड्याच दिवसांत तिची तपासणीची पट्टी पुन्हा गुलाबी झाली, म्हणजे पाण्यात धुवण. पाणी कुठंतरी मुरत होतं. आधी तिला डॉक्टरांचाच संशय आला. प्रकल्प संपला की यांचं कामही संपणार. मग शेजारच्या पाटकरांचा, कारण त्यांची शिवण सगळ्यांआधी हिरवी झाली. ज्याचं झाड हिरवं तो चोर, असं धरून ती कुंपणांवरून डोकावत हिंडली. दमून घरी आली, तर तिच्याच मुलीच्या, किमयाच्या, शिवणीला कोवळी पालवी.

मोरीमागे रॉकेलचा जुना डबा सापडला. झाकण काढताच बंद कारखान्यातल्या धुवणाचा गोडसर, डोकं जड करणारा वास आला.

"आत्या, हे विहिरीत उतरतं. किमया तेच पाणी पिते."

सासू तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. "डाक्तरीणच बोलली ना, उपाशी हायत म्हणून? पोरीचं झाड उपाशी ठेवू? पानं पिवळी झाली तवा तिला खोकला लागला. पालवी फुटली नि गेला." मग हलक्या आवाजात म्हणाली, "आन् पाड्यात मी एकटी न्हाय."

मालनला सासूचा राग आला, त्याहून जास्त झाडाचा. पुन्हा धुवण ओतणार नाही, अशी तिनं सासूला शपथ घातली आणि डॉक्टरांना फोन करून विचारलं, की या जिवाणूंना दुसरं काही खायला घालता येत नाही का.

"नाही. त्यांना तेवढंच येतं," डॉक्टर म्हणाल्या. "झाड जाऊ दे, मालन. मुलगी राहील."

शिवण पुन्हा पिवळी पडू लागली आणि त्याच सुमारास किमयाला ताप आला. थर्मामीटर शोधण्याआधी मालन अंगणात जाऊन पानं बघून आली. आपण काय केलं हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. डबा अजून मोरीमागेच होता. तो पंचायतीत जमा करायला सवड झाली नाही, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं.

ती डब्याशी उभी होती. आतून किमया पाणी मागत होती.