सतरा नंबरचा डबा

ज्या साली भाच्याला जुळ्या मुली झाल्या, त्या सालची ही गोष्ट. पटो न पटो, घडलेली आहे. या वयात खोटं बोलून मला कुठे मिरवायचंय? भाच्याने ती मला जेवायला बसताना सांगितली, आणि ताट तसंच उचलावं लागलं.

भाचा मोठ्या इमारतींत एसी, पंखे, दिवे आपोआप चालवणारी यंत्रणा बसवतो. खोलीखोलीत तिथलं तापमान नि ओल मोजणारे छोटे डबे असतात. प्रत्येकाचा नंबर वेगळा. सगळे एकाच तारेवर बोलतात, आणि त्यांचं बोलणं कॉम्प्युटरला समजावून सांगतो तो राउटर. दुभाष्याच म्हणा ना.

त्या दिवशी काम होतं एका काचेच्या ऑफिसात. भर दुपारी, तळघरात.

तिथला एसी सांभाळणारा म्हातारा म्हणजे फुंकरदादा. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी फुंकर मारणार, म्हणून हे नाव. तोंडात कायम लवंग. त्याच्या केबिनला खिडकी नव्हती. हवा यायची ती छतातल्या पंख्याने, आणि तो पंखा बंद पडून महिने झाले होते. दादाला आताशा बसल्या जागी धाप लागायची.

"दोन लेकींच्या बापा, मला थोडी हवा दे रे. वरच्या साहेबांना गारवा, आणि मी इथे डब्यात कोंडलेलं झुरळ!"

"दादा, आज पंखा फिरवूनच जातो."

राउटर बसला. दिवे लुकलुकले. स्क्रीनवर एकेक डबा हजर झाला.

केबिनचा सोडून. तो डबा कधीच मेला होता.

पण त्याच्या नंबरावर, सतरावर, कुणीतरी उत्तर देत होतं...

तापमान सदतीस. ओल शंभर टक्के.

"हे तर माणसाचं तापमान," दादा हसला. "तेही घामाने निथळणाऱ्या!"

भाच्याने तार मधोमध सोडवली. अर्धी लाइन गप्प झाली. सतरा बोलतच होता. उरलेल्यातली अर्धी सोडवली. तरी बोलतच... शेवटी एकच तार राहिली. केबिनच्या छतातून हवेच्या पत्र्याच्या बोगद्यात गेलेली.

शिडी लावली. झाकण उघडलं.

दोघांनी नाक दाबलं.

उंदीर मेल्याचा वास आपल्या ओळखीचा असतो. हा तो नव्हता. हा वास तोंडाचा होता. कित्येक दिवस न धुतलेल्या, तापाने फणफणलेल्या तोंडाचा.

आत पत्र्यावर पिवळट, बुळबुळीत थर. थरात केस. तार त्यात रुतून बसलेली. जोर लावला तशी चक् करून सुटली, आणि मागोमाग हातभर लाळ लोंबत आली.

टोकाला डबा नव्हताच.

नुसतं उघडं तांबं. चघळलेलं. ओलं. आणि कोमट...

भाच्याने तार हातातून सोडली. दादाने मात्र सवयीने ते टोक हातात घेतलं, आणि...

फुंकर मारली.

"दादा, शी! काय हे!"

"अरे, धूळ असते," दादा म्हणाला. पण नंतर बाहीने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

भाच्याने ती तार कापून टाकली. सतरा गप्प झाला. मग केबिनमध्ये नवा डबा लावला. पंख्याचा प्रोग्राम सतरा नंबरावर लिहिलेला. तो सगळा बदलायचा उपद्व्याप कोण करणार? त्याने नव्या डब्यालाही सतराच नंबर दिला.

पंखा फिरला. दादाने डोळे मिटून छाती भरून घेतली.

"जिवात जीव आला बघ!"

भाचा हात धुवायला गेला. साबण लावला, परत लावला. बुळबुळ जाईना. येऊन स्क्रीनकडे पाहतो तर...

सदतीस. शंभर टक्के.

आकडा जरासा चढायचा. जरासा उतरायचा. चढायचा... उतरायचा...

"दादा, बाहेर येऊन बसा. मला हे बरं दिसत नाही."

"वेडा की काय? इतके महिने हवेसाठी रडलो, आता आली तर पळू?"

भाच्याने नवा डबा भिंतीवरून उपटला. सतरा बोलतच होता. पंख्याची वीजच तोडली. पाती थांबली.

तरी टेबलावरचा कागद उडाला...

वर. छताच्या जाळीकडे. जाळीला चिकटला, आणि बघता बघता ओला झाला.

भाचा मागे वळला. दादा खुर्चीत होता. तोंड उघडं. छाती हलत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडलं असेल. पण दादाच्या ओठांपासून हनुवटीपर्यंत तोच पिवळट थर होता. आणि तोंडातली लवंग काही सापडली नाही.

भाच्याने तो राउटर काढून आणला. पुसला, पिशवीत घट्ट बांधला, माळ्यावर टाकला. दुसरीकडे बसवायला धजावला नाही, फेकायलाही नाही. मागे एकदा शिडी उतरवायला मी स्टुलावर चढून त्याच्या माळ्यावर हात घातला आणि ती पिशवी सोडून पाहिली. आतून ओली होती.

वास तोंडाचाच होता. फक्त आता त्यात लवंग होती...

पिशवी पुन्हा बांधली. त्या दिवसापासून जेवायच्या आधी मी हात धुतच राहतो, आणि जेवण निवून जातं.

फुंकरदादा गेला तो जुळ्यांना पहिला दात आला त्या आठवड्यात. बुधवारी, भर दुपारी.