तू हो पुढे

आमच्या क्लबाची डोंगरवाटेची शर्यत म्हणजे धावणं कमी आणि गप्पा जास्त. दातांचे डॉक्टर शिट्टी वाजवून सगळ्यांना सोडतात, शिंपीणबाई वरच्या खिंडीत पाणी आणि संत्र्याच्या फोडी घेऊन बसतात, आणि टाळ्या सगळ्यांत जास्त पडतात त्या शेवटच्याला. अठरा किलोमीटर, दोन चढ. वाटेत कुणी अडकू नये म्हणून एक जण मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो. त्याला आम्ही शेपूट म्हणतो.

गेल्या वर्षी शेपूट मी होते.

मी रक्त तपासते. यंत्र जे दाखवेल तेच कागदावर लिहायचं, ही बावीस वर्षांची सवय. ती एकदाच मोडली.

त्या दिवशी सगळ्यांत मागे होते टपालकाका. पोस्टातून निवृत्त झालेले, दर दहा पावलांवर थांबून एक किस्सा सांगणारे. खिंडीपलीकडच्या वळणावर ते दगडाला टेकून बसले. ओठ निळसर पडले होते. ते मला दिसलं होतं; दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. "पोरी, तू हो पुढे," ते म्हणाले, "मी येतो मागून."

वारा बोचत होता. मला त्यांच्या किश्शांचा कंटाळा आला होता. मी गेले.

खाली डॉक्टरांनी विचारलं, "काका कुठायत?"

"मोटाररस्त्याने घरी गेले." तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी शोध सुरू झाला, तोही रस्त्याच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी ते त्याच दगडापाशी सापडले. काही तास जिवंत असावेत, असं कळलं. म्हातारा हट्टी, रस्त्यावरून परत फिरला असणार, असं लोकांनीच ठरवून टाकलं. मी मान हलवली. काकूंनी तर माझेच हात धरले. म्हणाल्या, "शेवटी तू तरी होतीस त्यांच्याबरोबर."

यंदा मी नुसती धावायला आले. शेपटाचं काम बेकरीवालीकडे होतं. पहिल्या चढावर ती बरीच मागे होती. तिची पिवळी टोपी खाली ठिपक्याएवढी दिसत होती. तरी माझ्यामागे पावलं वाजत होती. जड, जरा फरपटत. दोनदा वळून पाहिलं. वाट मोकळी.

खिंडीत शिंपीणबाईंनी माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या. "एक त्यांना दे. किती दमलेत बिचारे!"

"मागे बेकरीवाली आहे, बाई."

"ती नाही गं. तुझ्या पाठीशीच होते की आत्ता..." त्या माझ्या खांद्यावरून पाहत राहिल्या. मग नजर खाली करून पुन्हा संत्रं सोलायला लागल्या.

खिंड ओलांडली. मनगटावरच्या घड्याळात ठोके एकशे अठ्ठावन्न होते. आपलाच दम ऐकू येत असेल, म्हणून मी उभी राहिले आणि श्वास रोखून धरला.

मागचा श्वास चालूच होता.

मी धावले नाही. वळणावरच्या त्या दगडापर्यंत चालत गेले आणि थांबले.

"या, काका," मी म्हटलं. "मी थांबलेय."

पावलं जवळ आली.

वाट अरुंद होती. मी कडेला सरकले, पाठ कपारीला लावली.

माझ्या समोरून काहीतरी गेलं. गार. ओल्या लोकरीचा वास आला. वाटेवरचे बारीक खडे एकामागून एक घरंगळले आणि आवाज उतारावर खाली खाली गेला. माझ्यासाठी तो जराही थबकला नाही.

बेकरीवाली पोचली तेव्हा मी तशीच उभी होते.

"वाट कुणाला दिलीस गं? वरून दिसत होतीस."

मी तिला सगळं सांगितलं. निळे ओठ, कंटाळा, मोटाररस्ता. तिने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? काकूंना सांग. आजच."

शर्यत संपवून, अंगावरच्या घामेजल्या कपड्यांनिशी मी गेले. दुपारचे अडीच वाजले होते. तिसरा मजला. काकूंनी दार उघडलं आणि खुर्ची पुढे केली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी बसले नाही. उभ्यानेच बोलले, काही लपवलं नाही. शेवटी शेवटी आवाज चढला माझा, रडूच फुटलं.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, वर्षभराचा थकवा उतरून गेल्यासारखा तो दिसत होता. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

काकू पदराने चष्मा पुसत होत्या. घरात आम्ही दोघीच होतो.

तेवढ्यात आतल्या दाराला, आतून, कुणीतरी अगदी अलगद कडी घातली.