लाल उजेडातली कडी

ही गोष्ट खरी आहे.

वर्तमानपत्रात लोकांची टिंगल लिहून मी पोट भरलं, त्यामुळे मी "खरं सांगतो" म्हटलं की ऐकणारे आधीच हसायला लागतात. हसा. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मीही हसतच होतो.

भुताच्या गोष्टीला निदान रात्र तरी लागते. माझ्याकडे तीही नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन. आणि जागा म्हणाल तर डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान, चपलांच्या दुकानाला लागून.

सोबत माझे साडू होते.

साडू निवृत्त इंजिनियर आहेत. निवृत्तीनंतर माणसाला एखादं खूळ लागतं, यांना डोंगर लागला. डोक्यावर हिरवी टोपी, गळ्यात शिट्टी. घरातसुद्धा. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. शनिवारी रात्री साडूंचा ग्रुप डोंगरात चालायला आणि तंबूत राहायला जाणार होता, आणि मलाही पाठवायचं हे त्या दोघींनी फोनवर ठरवून टाकलं. माझं मत कोणी विचारलं नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही.

तर मला डोक्याला बांधायची बॅटरी घ्यायची होती. हेडटॉर्च.

मला वाटलं होतं, पेटते की नाही एवढं बघायचं. साडूंनी काउंटरवर सात बॅटऱ्या ओळीने मांडल्या आणि तास घेतला. लांब फेकणारा उजेड वेगळा, पायाशी पसरणारा वेगळा. पट्टा टोचतो का बघा. दिवा खाली वळतो का बघा, नाहीतर बोलताना समोरच्याचे डोळे दिपतात. बटण अंधारात बोटाला सापडलं पाहिजे. आणि लाल दिवा हवाच.

लाल कशाला, असं मी विचारलं.

"लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, साडूबुवा. पांढऱ्यात जे दिसत नाही ते लालनंतर दिसतं."

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. मी मात्र ते रोज आठवतो.

दुकानाच्या मालकीणबाई स्वभावाने शांत होत्या. चष्मा साखळीला लावलेला. त्या म्हणाल्या, काका, भर उजेडात बॅटरी निवडायची म्हणजे कपडा अंगाला न लावता घेण्यासारखं आहे. मागे एक खोली आहे, आत जाऊन लावून बघा. खिडकी नाही, फट नाही, मिट्ट काळोख. दाराला आतून कडी वगैरे काही नाही, नुसतं बाहेर ढकललं की उघडतं.

आधी साडू गेले.

पाच मिनिटांनी बाहेर आले ते डोळे चोळतच.

"चावटपणा पुरे," मला म्हणाले. "आत येऊन 'हलू नका' काय म्हणता?"

मी जागचा हललो नव्हतो. बाईंना विचारा म्हटलं. बाईंनी मान डोलावली.

साडूंनी पुन्हा डोळे चोळले. मग म्हणाले, बॅटरीच्या त्या लुकलुकणाऱ्या दिव्यामुळे भास झाला असेल. एकदम भक्कन उजेड पडला होता... डोळ्यांपुढे अजून ठिपके नाचताहेत.

मला तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण साडू घाबरलेले दिसताहेत याचा मला इतका आनंद झाला, की मी पट्टा कपाळाला बांधला आणि आत गेलो.

दार मागे बंद झालं.

पांढरा दिवा लावला. खोली म्हणजे एक रिकामा खोका. चार भिंती, काळा रंग, सिमेंटची फरशी. एका कोपऱ्यात जुनं बेसिन, तेही कोरडं. मी उजेड लांब फेकून पाहिला, जवळ पसरून पाहिला. बेसिनला खाली वाकून नमस्कारही केला, दिवा वळतो का ते बघायला.

झालं. बाहेर पडायला दार ढकललं.

उघडलं नाही.

खांद्याने ढकललं. मग दोन्ही हातांनी. मग लाथ मारली. दार म्हणजे जणू भिंतच.

पलीकडे साडू बोलत होते. शब्द न् शब्द ऐकू येत होता. बुटाच्या तळव्यांवर व्याख्यान चाललं होतं. मी हाक मारली. मोठ्याने मारली. शेवटी घसा फाडून ओरडलो.

साडू म्हणाले, "आणि लेस नेहमी चपटी घ्यावी..."

मला ते ऐकू येत होते. मी त्यांना ऐकू जात नव्हतो.

चार वितींवर माणसं, ऊन, चपलांचं दुकान. आणि मी इथे. त्या खोक्यातली हवा मी एकटाच वापरत नाहीये, असं मला वाटायला लागलं.

मग वास आला... आंबूस, नाकात झोंबणारा. तो वास माझ्या ओळखीचा होता.

घाईघाईत मी दिव्याचं बटण चाचपलं. बोट भलत्या ठिकाणी पडलं.

दिवा लाल झाला.

आणि दाराला कडी होती.

अगदी माझ्या नाकासमोर. लोखंडी, जाड, वापरून गुळगुळीत झालेली. आतून घातलेली. मी हात घातला. थंडगार लागली, खरी लागली. उचलायला गेलो...

"दार उघडू नका."

आवाज माझ्या पाठीमागून आला. शांत होता. कामात असलेल्या माणसाचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी फोटोवाल्याची डार्करूम होती. तो लाल दिव्यात फोटो धुवायचा, आणि तिथून हाच आंबूस वास यायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी चहा विचारायला म्हणून ते दार सताड उघडलं, आणि एका आख्ख्या सभेचे फोटो काळे केले. तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून "दार उघडू नका" ऐकलं की माझा हात आपोआप थांबतो.

तसाच थांबला.

कडी न सोडता मी हळूहळू मान वळवली.

लाल उजेडात बेसिन ओलं होतं. शेजारी टेबल होतं, त्यावर तीन ट्रे. वर दोरी, दोरीला चिमटे. ट्रेवर एक माणूस वाकलेला होता. माझ्याकडे पाठ. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो ट्रे हळूहळू हलवत होता. पाण्याचा आवाज येत होता. चुळुक... चुळुक...

ट्रेमध्ये पांढरा कागद होता.

कागदावर काहीतरी वर येत होतं. आधी टोपी. मग दोन बाहेर आलेले कान. मग मिशी. मग गळ्यातली शिट्टी.

माझे साडू. आजचे. डोळे दिपल्यासारखे बारीक केलेले.

त्या माणसाने कागद चिमट्याने उचलला, दुसऱ्या ट्रेत बुडवला, मग शेवटच्या ट्रेत सोडला. माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"आता पक्का व्हायचाय. तीनशे मोजा."

मला माझाच आवाज ऐकू आला. "आणि आधीच उजेड पडला तर?"

"मग काळा पडत जातो. आधी कडेनं."

मी मोजायला लागलो.

मघाशी मी बाहेर पडायला जिवाचा आटापिटा करत होतो. आता त्याच दाराची कडी मी स्वतः आतून दाबून उभा होतो. माझ्या साडूंचं आणि माझं काही फार सख्य नाही. लग्नापासून ते मला पंखा कसा पुसावा ते शिकवत आलेत. पण त्या ट्रेमधला त्यांचा चेहरा पाण्याखाली इतका निमूट पडला होता... मी मोजत राहिलो.

साठ. सत्तर.

बाहेर साडूंची लेस संपली.

"साडूबुवा? झोपलात की काय आत?"

एकशे दहा. दार ओढलं गेलं. कडी खडखडली. मी दोन्ही हातांनी धरली.

"अहो, अडकलंय वाटतं," साडू बाईंना म्हणाले. "थांबा, मी बघतो."

इंजिनियर माणूस "मी बघतो" म्हणाला की मला नेहमीच भीती वाटते. पण त्या दिवशीइतकी कधी वाटली नाही.

एकशे ऐंशी. दार धाडधाड हलत होतं. ओढू नका, असं मी ओरडलो. थोडा वेळ थांबा. बाहेर काहीच गेलं नाही. मागे पाणी संथ हलत होतं. चुळुक... चुळुक...

दोनशे. कपाळावरचा दिवा थरथरला.

दुकानातली नमुन्याची बॅटरी. दिवसभर शंभर लोकांनी पेटवलेली.

दोनशे सात. लाल उजेड तपकिरी झाला. भिंती दिसेनाशा झाल्या. मग टेबल. मग तो माणूस.

दोनशे चौदा...

दिवा गेला.

आणि माझ्या मुठीत कडी नव्हती.

दार उघडलं. दुकानातल्या उन्हाचा एक पट्टा आत पडला. फरशीवरून सरळ तिथपर्यंत, जिथे शेवटचा ट्रे होता. आता तिथे काही नव्हतं. रिकामी फरशी. साडू दारातच उभे होते, त्यामुळे बाकीच्या जागेवर त्यांची सावली पडली होती.

मी त्यांना ढकलून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. साडू म्हणाले, आत साधा अंधार होता, एवढं घामाघूम काय झालात? शनिवारी कसं व्हायचं तुमचं?

बाईंना मी विचारलं, दुकानाआधी इथे काय होतं. फोटो स्टुडिओ, त्या म्हणाल्या. म्हातारा फोटोवाला होता, दृष्टी गेली म्हणून बंद केलं त्याने. कधी वारला, असं मी विचारलं.

"वारला कुठे? मुलीकडे असतो. ठणठणीत आहे."

आम्ही दोघांनी एकेक बॅटरी घेतली. साडूंनी निवडली ती. शनिवारी मी गेलो नाही, कंबर धरल्याचं सांगितलं.

साडू गेले, आणि रविवारी परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर, कानापासून खाली, बोटभर रुंदीचा काळसर पट्टा होता. कड अगदी सरळ. पट्टी लावून आखल्यासारखी.

ऊन लागलं असेल, मेहुणीबाई म्हणाल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरं दिलं. आता पट्टा दोन बोटं झालाय. नाकाकडे सरकतोय.

मी रोज सकाळी फोन करून गाल कसा आहे ते विचारतो. साडूंची एवढी चौकशी करणारा माणूस जगात मी एकटाच असेन. ते बिचारे खूश आहेत. परवा म्हणाले, तुम्हाला मी उगाच शिष्ट समजत होतो.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

शहाऐंशी उरलेत. बस, एवढंच डोक्यात असतं. कोणीतरी त्या खोलीत जाऊन, लाल दिवा लावून, दाराशी उभं राहून उरलेले शहाऐंशी मोजायला हवेत. कोणीतरी म्हणजे कोण, ते मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात धीर करून गेलो. खिशात नवी बॅटरी होती.

बाई म्हणाल्या, या काका. ती खोली आता बंद केली, लोक आत जाऊन घाबरून बाहेर यायचे. दार काढलं, भिंती पांढऱ्या केल्या. आता तिथे पाठीवरच्या बॅगा ठेवल्यात.

मी आत डोकावलो. बॅगा ओळीने टांगल्या होत्या. फरशी पुसलेली होती. छताला दोन लांब ट्यूबलाइट.

बॅगांचे रंग नीट दिसावेत म्हणून त्या लावल्यात.

दिवसभर चालूच असतात.