बोटीवरचा लोकुमवाला

भुताखेतांवर माझा विश्वास सरकारी आश्वासनांवर आहे तेवढाच. पण झानीसला मी तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो, आणि ही हकीकत त्यानं मला उझोचा एक थेंबही न घेता सांगितली. म्हणून तुम्हा पोरांना सांगतो.

गेल्या नोव्हेंबरातला शनिवार. पिरियसहून निघालेली बोट वाऱ्यानं रखडली आणि रात्री साडेअकराला आपल्या एर्मूपोलीच्या बंदरात शिरली. झानीस अथेन्सच्या एर्सीबाईंना कप्तानांच्या आळीतलं एक जुनं घर दाखवायला आणत होता. बाईंना तिथं हॉटेल काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा बाप वारल्याच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थनाही होती. एका तिकिटात दोन कामं. बाईंना त्यानं पहिलंच सांगितलं होतं.

बाप म्हणजे आपला बार्बा-स्तामातिस. पांढरा एप्रन, हातात टोपली. बोट धक्क्याला लागली की हा धावत वर, आणि ती सुटायच्या आत साखरेत घोळलेल्या लोकुमच्या मऊ वड्या विकून खाली. एकदा उतरताना दोरात सापडून उजव्या हाताची अनामिका गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटीवर हजर. झानीसनं बाईंना सांगितलं होतं की वडील जहाजांच्या धंद्यात होते. तसं खोटं नव्हतं म्हणा.

झानीस कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. अथेन्सचे मित्र घेऊन बोटीनं आला, आणि बाप टोपलीसकट समोर उभा. एका मित्रानं विचारलं, म्हातारा ओळखीचा का? झानीस समुद्राकडे बघत राहिला. बापाला कळलं. त्यानं सगळ्यांना एकेक वडी दिली आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घ्या साहेब. चव तरी बघा."

पुढं घरात त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत. तोंड न उघडता तीस वर्षं काढता येतात. बंदराच्या कचेरीत आम्हीही काढली.

तर त्या शनिवारी. उतारू सामान घेऊन खालच्या दाराशी गेलेले. वरच्या डेकवर हे दोघंच. दोन्ही टेकड्यांवर दिवे. बाई विचारत होत्या, तो मोठा घुमट कुठल्या चर्चचा?

मागून हाक आली.

"लोकुम... ताजं लोकुम..."

बाई वळल्या. झानीस वळला नाही. बाईंनी वडी घेतली, खाल्ली. म्हणाल्या, "अय्या, हे अजून येतात वाटतं बोटीवर?"

आता कुणी येत नाही. कितीतरी वर्षं झाली. झानीसला ते माहीत होतं. आणि बोट अजून धक्क्याला लागलीही नव्हती.

"तुमच्या ओळखीचे का हो?"

हो म्हणायचं होतं. एवढंच.

वारा पडला...

"नाही," झानीस म्हणाला.

खांद्यावर मागून हात पडला. जड. ओळखीचा.

"असू दे, साहेब..."

मग काही नाही. तो वळला तेव्हा डेक रिकामा होता. बाई बोटांवरची साखर चाटत होत्या.

त्या रात्री तो बहिणीकडे गेलाच नाही. बाई उतरल्या त्याच हॉटेलात राहिला. पहाटे दिवा न लावता बोटीवरचाच काळा कोट चढवला आणि चर्चमध्ये जाऊन मागच्या रांगेत उभा राहिला.

बाई गाव बघत हिंडत होत्या. घंटा ऐकून आत आल्या. पुढं फडक्यानं झाकलेलं, साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचं प्रसादाचं ताट, शेजारी फोटो. बाई फोटोपाशी थबकल्या. मग झानीसपाशी आल्या.

"हे तर रात्रीचे... तुमचे कोण हे?"



"आमचे बाबा," बहीण आर्गिरो मागून येत म्हणाली. "यानं सांगितलं नाही?"

बाईंनी झानीसकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली. झानीस म्हणतो, त्यापेक्षा त्यांनी तोंडावर थुंकायला हवं होतं.

आर्गिरोनं त्याच्या पाठीकडे पाहून कपाळाला आठी घातली. ताटावरची साखर कोटाला लागली असेल, झटकावी, म्हणून हात उचलला.

हात तसाच राहिला.

ताटावरचं फडकं अजून कुणी काढलंच नव्हतं.

काळ्या कोटावर, खांद्याच्या मागं, साखरेचा पांढरा पंजा. अंगठा. दोन बोटं. मग करंगळी.

अनामिकेची जागा रिकामी.