हद्दीबाहेरची रेघ

तिचं कुणी म्हणजे कुणीच खरं मानलं नाही. रेघ काचेच्या आत होती, हे तिने ड्यूटीवरच्या साहेबांना सांगितलं, चौकशीला आलेल्या तिघांना सांगितलं, घरी नवऱ्याला सांगितलं. साहेब हसले. चौकशीवाल्यांनी काच उतरवून उजेडात उभी केली, तर कोरी करकरीत. आणि नवरा म्हणाला, "किती रात्री झोपली नाहीस, पड जरा." जशी काही हिची झोप झाली की मेलेली माणसं घरी येणार होती!

काय झालं ते पहिल्यापासून ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

विमान चालवायला शिकवतात त्या तळावर ती वीस वर्षं झाडपूस करत होती. सगळे तिला मावशी म्हणत. शिक्षण चौथी, पण तोंड वकिलाचं. तिथे एक नकाशाची खोली होती. भिंतभर नकाशा आणि त्यावर बोटभर जाड काच. आज कोणत्या विमानाने कुठवर उडायचं, ती हद्द साहेब लोक काचेवर लाल पेन्सिलीने आखत, आणि जायची वाट निळीने. हद्दीत उडायचं, शिकायचं, जेवायच्या वेळेला परत यायचं. हद्दीपलीकडे समुद्र, आणि समुद्रावर दुसऱ्यांचं आकाश. तिथे चुकूनसुद्धा जायचं नाही.

रोज सकाळी कालच्या रेघा स्पिरिटने पुसायच्या, हे मावशीचं काम. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या मुकादमाने तिला शिकवलं होतं, की फडकं नकाशावरच्या आपल्या तळाच्या खुणेवर ठेवायचं आणि बाहेर बाहेर पुसत न्यायचं. बाहेरून आत पुसलं तर सगळा चिकटा तळावर येऊन बसतो. वीस वर्षांत तिचा हात कधी दुसरीकडून फिरला नाही.

आता त्याच तळावर तिची लेक शिकायला लागली होती. विमानात नकाशा मांडीवर घेऊन बसायचं आणि चालवणाऱ्याला दिशा सांगायची, हे तिचं काम. झाडूवालीची पोर साहेब लोकांना वाट दाखवते म्हणून मावशीची छाती फुगायची. लेक खोलीत आली की ती पुसलेलीच काच पुन्हा पुसत उभी राहायची.

त्या सकाळी सगळ्या रेघा गेल्या, एक राहिली. निळी, केसासारखी बारीक. तळापासून निघून वीतभर गेलेली. मावशीने स्पिरिट ओतलं, नखाने खरवडलं. नखाला काही लागेना. तिने गाल काचेला टेकवून तिरकं पाहिलं. रेघ काचेवर नव्हतीच. काचेच्या आत होती.

"साहेब, ही आतून कोणी काढली?"

ड्यूटीवरच्या साहेबांनी चहाच्या कपातून मान वर केली नाही. "आतून कोण काढणार मावशी? झुरळाने काढली असेल."

"मग तुम्ही पुसून दाखवा."

"मी पुसायला लागलो तर तुम्हाला या खुर्चीत बसावं लागेल."

"बसेन की. चहाच प्यायचा असतो."

तेवढ्यात लेक आली. तिच्यामागून लंबू, तो विमान चालवायला शिकत होता, आणि दोघांना शिकवणारे मास्तर.

"आई, सकाळी सकाळी साहेबांना धरलंस?"

"ते राहू दे. ही रेघ बघ. तुझ्या वाटेची आहे का?"

लेकीने वाकून पाहिलं. "कुठली? मला नाही दिसत."

"ही काय! समुद्राकडे चाललीय."

"माझी वाट डोंगराकडे आहे. समुद्राशी माझं काय काम?"

"आज जाऊ नकोस."

"आणि काय सांगू? आईला काच पुसता येईना म्हणून सुट्टी द्या?"

मास्तर हसले. लंबू तर दाराला टेकून हसला. लेकीने आईच्या हातातलं फडकं ओढून तिच्याच खांद्यावर टाकलं. "येते गं. जेवायला थांब माझ्यासाठी."

नऊ वाजून दहा मिनिटांनी विमान उडालं. खोलीत साहेब आणि मावशी दोघंच उरली. साहेब तिच्याकडे पाठ करून पडद्यावरचा विमानाचा ठिपका बघत होते. बाजूला वायरलेस खरखरत होता. मावशीने काचेकडे पाहिलं. रेघ वाढली होती. मघाशी वीतभर होती, आता वीत आणि चार बोटं.

तिने दात आवळले. लेक हवेत आहे तोवर हिला मिटवायची, बस. फडकं अंगठ्यावर घट्ट गुंडाळून तिने तळाच्या खुणेवर ठेवलं आणि बाहेरच्या बाजूला रगडत निघाली. मागची रेघ मिटेना. पुढचं टोक मात्र तिच्या बोटापुढे सरकू लागलं. दाबलं की सरके. अजून दाबलं की अजून सरके.

"थांब, तुझी खोड मोडते," ती पुटपुटली.

वायरलेसवर मास्तर म्हणाले, "ढग लागलेत. सगळं पांढरं आहे." मग लंबूचा आवाज आला. "मास्तर, हा वास कसला? दवाखान्यासारखा..."

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं. नुसती खरखर. ठिपका डोंगर सोडून समुद्राकडे वळला तसे साहेब पुन्हा पुन्हा हाका मारू लागले.

मावशी घामाने निथळत होती. अर्धा तास ती रगडत होती आणि बोट लाल रेघेशी येऊन ठेपलं होतं.

"हद्दीच्या काठावर आहात," साहेब म्हणाले. "डावीकडे वळा."

"आम्ही हद्दीतच आहोत," मास्तर म्हणाले. "पोरगी दाखवतेय तसंच चाललोय."

निळी रेघ लाल रेघेखालून पार झाली. साहेब खुर्ची पाडून उभे राहिले. "हद्द ओलांडलीत! मागे फिरा! ऐकताय का... मागे फिरा!"

ते ऐकून मावशीने सगळं अंग त्या एका बोटावर टाकलं. आता तर हिला सोडायचीच नाही. समुद्राच्या निळ्या रंगावरून ती रगडत गेली, थेट लाकडी चौकटीपर्यंत. नकाशा संपला. बोट गार पडलं. फडकं ओलं झालं होतं, आणि त्याला स्पिरिटचा नाही, खाऱ्या पाण्याचा वास येत होता.

पडद्यावर ठिपका नव्हता.

अकरा दिवस शोध चालला. फळी नाही, चिंधी नाही, पाण्यावर तेलाचा तवंगसुद्धा नाही. मग चौकशी बसली. दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय कागद बंद होत नाही. मास्तरांची तीस वर्षांची नोकरी होती. लंबूचे वडील मोठे अधिकारी. राहिली कोण? दिशा सांगणारी पोर. मेलेल्या गरिबावर ढकललं की कुणाच्या घरी चूल विझत नाही.

मावशीला कळलं तेव्हा ती न विचारता चौकशीच्या खोलीत शिरली.

"माझ्या पोरीचं नाव लिहिताय म्हणे?"

"अजून लिहिलं नाही," तिघांतले मधले साहेब म्हणाले. त्यांच्यापुढे कागद होता. सगळा भरलेला, खाली जबाबदार कोण एवढीच जागा कोरी. "तुमचं त्या रेघेचं लिहून घेतलंय मावशी."

"कुठे? कागदावर की केराच्या टोपलीवर?" तिने टेबलावर हात आपटला. "शेवटचं बोलणं सापडलंय ना तुम्हाला? सगळा तळ बोलतोय. लावा ते."

खरंच सापडलं होतं. मास्तरांच्या वायरलेसचं बटण दाबलेलंच राहिलं असावं. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या ठाण्याने ती दोन मिनिटं टिपली होती.

"आईने ऐकण्यासारखं नाहीये ते."

"आईने काय ऐकायचं ते आई ठरवेल. माझी पोर चुकली असेल तर तिच्या तोंडून ऐकू द्या. नसेल चुकली, तर जो असेल त्याचं नाव माझ्यासमोर लिहा."

साहेबांनी पेन उघडून हातात धरलं आणि यंत्र सुरू केलं.

खरखर. मग मास्तर. "हद्द गेली म्हणतायत खाली. पोरी, ही दिशा कुणी दिली तुला?"

"मी नाही देत मास्तर." लेकीचा आवाज. "बोट फिरतंय ना नकाशावर, त्याच्यामागून..."

"कसलं बोट? लंबू, वळव."

"वळत नाहीये... मागून ढकलतंय काहीतरी... मास्तर, वर बघा... ढगात..."

कुणीतरी ओरडलं. त्यावरून लेकीचा आवाज आला, हळू, समजूत घातल्यासारखा. "घाबरू नका. मी ओळखते तो हात... अगं थांब ना... असा नको, आत आण, घराकडे आण..."

"कुणाशी बोलतेस? कोण आहे ते?"

खरखर. साहेबांचं पेन कोऱ्या जागेवर टेकलं होतं.

"आई."