नवसाची दुमड

"...आणि ती सरळ केली की ते परत येतं. थर्कटलांच्या घरात तर आधीच..."

एवढंच माझ्या कानावर पडलं. गुरुवारी पोस्टात तिकिटं घ्यायला गेले होते. दाराची घंटी किणकिणली, काउंटरमागच्या मिसेस गॉट्सनं मला पाहिलं आणि तोंड मिटलं.

"काय परत येतं?" मी विचारलं.

"तुला तिकिटं किती हवीत, हेझल?"

मी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते असं गावात म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण थर्कटलांची आणि माझी भिंत एकच. आयव्ही थर्कटल आणि मी वीस वर्षं कुंपणावरून सुखदुःखं बोलत आलोय. दोन हिवाळ्यांपूर्वी तिची छाती भरली, चार महिने इस्पितळात काढले. पुन्हा असं झालं तर ही तगायची नाही, असं डॉक्टरनं तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. मग 'ते परत येतं' म्हटल्यावर माझ्या मनात दुसरं काय येणार? दुखणंच आलं.

तशीच त्यांच्याकडे गेले. जानेवारीतली चारची वेळ, बाहेर अंधारून आलेलं. आयव्ही स्वयंपाकघरात कणीक मळत होती, चांगली लालबुंद दिसत होती. जीव थोडा भांड्यात पडला. तिचे यजमान अल्विन मागच्या खोलीत दिव्याखाली बसले होते.

"हात मागे बांध, हेझल," वर न बघताच ते म्हणाले.

हे ते मला नेहमी म्हणत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली आणि तीस वर्षं जुनी नाणी जमवली. तीही यंत्रातून निघालेली नव्हेत, हातोडा मारून पाडलेली. एकासारखं दुसरं नाही. ठोकणाऱ्याचा हात त्या दिवशी कसा चालला होता ते कळतं, म्हणत. एकदा भलेपणानं मी त्यांचा एक शिलिंग पितळ घासायच्या मलमानं लख्ख करून दिला. तीनशे वर्षांची काळी साय मी पाच मिनिटांत खरवडली होती. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

कपाट महोगनीचं, कारण ओकचं लाकूड चांदीला खातं. खणांत गोल खळगे, प्रत्येक नाण्याखाली कागदाची गोल चकती, तिच्यावर राजा, टाकसाळ आणि नाण्याची प्रत. बरी, चांगली, उत्तम. नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबात अल्विननी प्रत सांगितली की ती शेवटची.

आज चिमट्यात एक चांदीची पेनी होती. मठाच्या टाकसाळीतली, एडवर्ड राजाची, पण मधोमध दुमडलेली. नांगरलेल्या शेतात सापडलेली, पडक्या मठाच्या बाजूच्या.

"नांगरानं वाकली?"

"छे. हातानं वाकवलीय. घरात कुणी आजारी पडलं की संताचं नाव घ्यायचं, आजाऱ्याच्या डोक्यावर पेनी धरायची आणि वाकवायची. म्हणजे ती संताची झाली. बरं वाटलं की त्याच्या समाधीला नेऊन वाहायची."

"मग ही शेतात कशी?"

"नेलीच नसेल. किंवा वाटेत पडली." त्यांनी ती दिव्यासमोर फिरवली. "राजाचा कुरळा केस न् केस दिसतोय. अशी मला उभ्या जन्मात मिळाली नाही. पण आता चकतीवर 'वाकलेली' लिहायचं? रोज थोडी ऊब द्यायची, दोन लाकडी पट्ट्यांत दाबायची, केसभर उघडायची. आठवड्यात सपाट."

"अहो, दुसऱ्याचा नवस आहे तो. नका हात लावू."

"सहाशे वर्षांपूर्वीचा. ज्याच्यासाठी बोलला तो बरा होऊनही मेलाय." ते हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी भिंतीतून खोकला ऐकू आला.

बारीक, कोरडा. रविवारी जास्त. सोमवारी खोकल्यानंतर शिट्टीसारखा श्वास ओढल्याचा आवाज, आणि माझ्या हातातली बशी तशीच राहिली. हे आयव्हीचंच, दुसरं कुणाचं. मंगळवारी सूप घेऊन गेले.

दार आयव्हीनंच उघडलं. खोकला नाही, काही नाही. पण डोळे खोल गेलेले, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, आणि तीन दिवसांत अन्न पोटात गेलं नसावं अशी उभी.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

"कुणाचा?"

ती उत्तर न देता जिना चढली. मी मागोमाग. वरची छोटी खोली मला माहीत होती. मूल होईल म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी रंगवलेली, आणि मग झाकलीच. आत पलंग घातला होता. पलंगावर कुणी नव्हतं. पण वास होता... ओल्या लोकरीचा, चुलीच्या धुराचा, आंबलेल्या दुधाचा. उशीला मधोमध खळगा होता, माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा.

"हात लावून बघ," आयव्ही म्हणाली.

लावला. भट्टीतून काढलेल्या पावासारखी उशी. आणि माझ्या मनगटाखाली तो श्वास... भरभर... भरभर...

तेव्हा मला ते पोस्टातलं 'ते' कळलं. दुखणं नव्हे, ज्याच्या डोक्यावर ती पेनी धरली होती ते पोर.

"आयव्ही, चल इथून. तुझी छाती..."

"आजची रात्र काढायचं नाही हे," ती म्हणाली. "आणि मी इथून हलायची नाही. अल्विनला बोलाव."

अल्विन दारातच उभे होते, किती वेळ कोण जाणे. तळहातावर पेनी. आरशासारखी सपाट, राजा समोर बघतोय.

"वाकव ती," आयव्ही म्हणाली.

"जुनी चांदी ठिसूळ असते गं. एकदा सरळ झाली ती मोठ्या मुश्किलीनं. पुन्हा वाकवली तर तुटेल."

"तुटू दे."

"उत्तमाच्याही वरची प्रत आहे ती, आयव्ही."

तेवढ्यात तिलाच ढास लागली, खरीखुरी, छातीच्या तळातून. ती पलंगाची कड धरून वाकली, आणि अल्विन एका ढांगेत उशीपाशी आले. खळग्यावर पेनी धरली.

"कुठल्या संताचं नाव घेऊ? मला काय माहीत, ह्याच्या आईनं कोणाचं घेतलं होतं..."

"कुणाचंही घे. ऐकणारा ऐकेल."

त्यांचे ओठ हलले. नाव मला ऐकू आलं नाही. मग टक... असा अगदी बारीक आवाज, सुकी काडी मोडल्यासारखा. पेनी वाकली नाही. दोन तुकडे झाले.

श्वास थांबला.

खाली घड्याळं टिकटिकत होती. आयव्हीनं हळूच उशीवर हात ठेवला.

"थंड झालं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "ताप उतरला."

ही दोन वाक्यं एकाच गोष्टीची होती की नाही, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.

याला सहा वर्षं झाली. आयव्हीची ढास त्या संध्याकाळनंतर गेली ती गेलीच. तेव्हा तिचं दुखणं परत येईल ही माझी भीती फुकट गेली. मिसेस गॉट्सला मी एकदा खोदून विचारलं. म्हणाली, तिच्या आजीचं बोलणं होतं ते, पुढचं तिलाही आठवत नाही. संताच्या समाधीचा तर पुढच्या एका राजाच्या माणसांनी मठ मोडतानाच चुरा केलाय. तुकडे वाहायचे कुठे? ते अल्विनच्या कपाटातच आहेत, एकाच खळग्यात. खाली चकती आहे, पण कोरी. राजा लिहिला नाही, प्रतही लिहिली नाही. विचारलं तर म्हणतात, "हात मागे बांध, हेझल."

आयव्ही दर हिवाळ्यात लहान मुलाच्या मापाचा एक स्वेटर विणते. चर्चच्या विक्रीसाठी, असं सांगते. विक्रीत मी तो कधी पाहिला नाही. दर वर्षी बाह्या आदल्या वर्षीपेक्षा दोन बोटं लांब असतात.

काल तो धुऊन दोरीवर वाळत घातला होता. कुंपणावरून मी सहज हात लावला. याच डिसेंबरात विणून झालेला, नवा कोरा. आणि दोन्ही कोपरांवर लोकर झिजून जाळी झाली होती.